सळई खाली कुणी केली?

ही घडलेली गोष्ट आहे. इकडून तिकडून ऐकलेली नाही, वाचलेली तर नाहीच. माझ्या धाकट्या जावेच्या घरात घडली, मंगळवारी सुरू झाली आणि रविवारी दुपारी संपली.

संपली असं आम्हाला वाटलं.

जावेला सगळं घर काकी म्हणतं. सूनसुद्धा. काकी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला समोरच्याला भ्यावं लागतं, आणि ती कुणाला भीत नाही.

भीत नव्हती, असं म्हणायला हवं आता.

तिची सून पोहायच्या तलावावर बायकांना शिकवते. शहराच्या बचाव पथकात एक जागा निघाली होती. बुडालेल्या माणसाला पाण्याखाली जाऊन वर काढायचं काम. सुनेचा जीव त्या जागेवर जडला होता. पण आधी पाण्याखाली श्वास घ्यायचं शिकून परीक्षा द्यायची होती. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. ती होती नवशिकी. सहा वेळा खाली उतरलेली, तीही क्लासचं सामान लावून.

परीक्षा रविवारी होती.

काकी जुन्या सामानाच्या दुकानात कपाटाची मूठ शोधायला गेली आणि स्कूबाचा सेट घेऊन आली. जुना. लोखंडी टाकी, तिच्यावर डब्याच्या झाकणाएवढी गोल पितळी पेटी. पेटीतून निघालेल्या दोन सुरकुतलेल्या रबरी नळ्या, एक उजवीकडून, एक डावीकडून, मध्ये तोंडात धरायचं रबर.

"कुणाचा होता?" काकीनं विचारलं होतं.

"होता एकाचा," दुकानदार म्हणाला. "घरच्यांनी सांगितलं, घेऊन जा. सामान गाडीत चढायच्या आत दार लावून घेतलं त्यांनी."

काकीनं तिकडे लक्ष दिलं नाही. पितळ खणखणीत होतं ना, झालं तर मग!

सून तो सेट घेऊन क्लासला गेली आणि तोंड पाडून परत आली.

"काकी, मास्तर नको म्हणतात."

"का? त्यांच्या बापाचं काय जातंय?"

"नवीन माणसानं असलं वापरू नये म्हणतात. याला काटा नाही. टाकीत हवा किती उरली ते दिसतच नाही. श्वास जड व्हायला लागला की टाकीच्या कडेची ही सळई खाली ओढायची. मग राखून ठेवलेली शेवटची हवा सुटते. पाचेक मिनिटं पुरते, तेवढ्यात वर यायचं."

"मग ओढायची की. तुला हात नाहीत?"

"उतरताना सळई वर असावी लागते, काकी. ती आधीच खाली असेल तर राखलेली हवा उरतच नाही. ओढायला जावं आणि..."



काकीला ते झोंबलं. चाळीस वर्षं भांड्यापासून माणसापर्यंत सगळं तिनं पारखून घेतलेलं. आणि हा कालचा मास्तर, जो पहिल्याच भेटीत तिला "आजी" म्हणाला होता, तो तिच्या पारखीत खोट काढणार?

"नको तर नको," ती म्हणाली. "आमचं मेलं सगळंच जुनं. आम्हीपण."

आणि तिनं अबोला धरला.

काकीचा अबोला ज्यानं पाहिला नाही त्यानं काही पाहिलं नाही. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. घरात दोघीच. सून चहा ठेवून जायची, काकी तो पिऊन कप पालथा घालायची. तिला काही सांगायचं झालं की भिंतीला सांगायची. सूनही काही कमी नाही. तिनंही तोंड मिटलं.

सेट मागच्या खोलीत, भिंतीला टेकून उभा होता.

बुधवारी दुपारी काकी तिथं सुपारीचा डबा घ्यायला गेली.

सळई खाली होती.

काकीच्या कपाळाला आठी पडली. सकाळी झाडताना तर वर होती. म्हणजे ही पोरगी मुद्दाम खाली करून ठेवते. सेट खराब आहे हे दाखवायला! बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती बोलली नाही. सळई वर सरकवली आणि डबा घेऊन वळली.

तेवढ्यात मागून आवाज आला...

सूंऽऽ...

कुणीतरी श्वास आत घेतल्यासारखा. लांब. ओढून घेतलेला.

काकी वळून बघत राहिली. खोलीत कुणी नव्हतं.

आत घेतलेला श्वास माणूस बाहेर सोडतो. ती वाट बघत होती.

तो बाहेर आलाच नाही.

बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की तिनं स्वतःचाही श्वास धरून ठेवला होता. छाती दुखायला लागली होती.

टाकीतली हवा गळत असेल, असं तिनं मनाला समजावलं. बाहेर येऊन बसली. मग तिला आठवलं. सून मंगळवारी भिंतीकडे बघून म्हणाली होती, टाकी रिकामीच आहे, भरून आणावी लागेल.

गुरुवारी सळई परत खाली.

काकीनं वर केली.

शुक्रवारी परत खाली. आणि तोंडात धरायचं रबर ओलं होतं.

तिनं पदरानं ते पुसलं. पुसताना बोटाला काहीतरी लागलं. रबर एका बाजूनं चावून चावून पार तुटायला आलं होतं. एवढं कोण चावतं? भूक लागलेलं माणूससुद्धा एवढं चावत नाही.

शनिवारी एक वेगळीच गोष्ट झाली. सून सेट उचलून बाहेर घेऊन गेली आणि संध्याकाळी ओळखीतून टाकी भरून घेऊन आली. काकी भाजी निवडत होती. सून तिच्यासमोर उभी राहिली आणि भिंतीला म्हणाली, "उद्या परीक्षेला हाच नेणार आहे. मास्तरांना मी बघून घेईन. घरातला हा अबोला मला सहन होत नाही."

काकी जिंकली होती.

पण हातातली भाजी तशीच राहिली. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं. तिला बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी सून सामान अंगणात काढून ठेवत होती. ऊन पडलेलं. काकी दारात उभी. आता तरी सळई नीट असेल म्हणून तिनं सहज पाहिलं...

खाली.

पाच दिवसांचा अबोला तिथंच मोडला.

"अगं ए महामाये! जीव नकोसा झालाय का तुला? किती वेळा वर करायची मी ती सळई?"

सून वळली. "वर? तुम्ही वर करता?"

"मग कोण करतं? तू खाली पाडतेस आणि मी आपली..."

"मी नाही पाडत, काकी." सुनेचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं तुम्ही करता. गॅसचा खटका, नळाची दांडी, घरातला प्रत्येक खटका तुम्ही येताजाता खाली करता ना. मला वाटलं, सवयीनं करत असाल. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीपण काही न बोलता वर करून ठेवत होते."

"तू वर करत होतीस?"

"रोज."

"मीपण रोज."

दोघी त्या सळईकडे बघत राहिल्या.

सून खाली वाकली. टाकी भरलेली आहे ना, हे बघायला तिनं वरची चावी फिरवली. भरलेल्या टाकीतून फुस्सकन हवा सुटायला हवी.

काहीच नाही.

अजून फिरवली. पूर्ण.

काहीच नाही. काल संध्याकाळी भरलेली टाकी. सबंध रात्र बंद खोलीत होती. आत कुणी गेलं नव्हतं.

आणि मग दोघींनी ऐकलं. भर उन्हात, अंगणात...

सूंऽऽ...

आत घेतलेला. बाहेर न सोडलेला.

काकीनं आयुष्यात दोनच वेळा हार मानली. एकदा नवरा गेला तेव्हा, आणि एकदा या वेळी. तिनं सुनेचं मनगट धरलं.

"नको लावूस हे. माझीच पारख चुकली. मास्तर बरोबर होता. मेला आगाऊ आहे, पण बरोबर होता."

"अहो, पण ते तुम्हाला आजी म्हणाले होते, आणि तुम्ही..."

"गप. चल, मी येते तुझ्याबरोबर."

परीक्षा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत होती. खाण पाण्यानं भरलेली, पाणी हिरवं. मास्तरांनी क्लासचं सामान दिलं. टाकी भरलेली. काटा हिरव्या पट्ट्यात. काकीनं तो काटा स्वतः डोळ्यांनी बघितला, दोनदा.

मास्तर आणि सून, दोघंच उतरले. काकी दगडावर बसली.

पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा यायला लागल्या. एक मास्तरांची, एक सुनेची. बुडबुडे म्हणजे सोडलेला श्वास, हे तिला आता कळत होतं. ती मोजत होती. ही सुनेची. ही मास्तरांची. ही सुनेची...

मग सुनेची रांग अडखळली.

नंतर आली ती दाट. एकामागून एक, दम लागलेल्या माणसासारखी. आणि मध्येमध्ये मोठी मोकळी जागा. काकी उठून पाण्याच्या कडेला गेली. चप्पल भिजली तरी तिला कळलं नाही.

बाराव्या मिनिटाला दोघं वर आले. अर्ध्या तासाची परीक्षा.

"ताई, श्वास घेता की पिता?" मास्तर ओरडत होते. "काटा बघा! पार तळाला. एवढ्यात संपते का कुणाची हवा?" मग जरा शांत झाले. "पण जादा नळी काढून दुसऱ्याला हवा द्यायचा सराव बरा केलात. मी सांगितला नव्हता, तरी एकटीनं केलात. चांगला हात लांब केलात. पास."



गाडीत बसल्यावर सून बोलली.

"काकी, खाली एक माणूस होता."

काकीनं काच वर केली, जणू बाहेर कुणी ऐकत होतं.

"कसा?"

"डोळ्यांवरची काच काळी पडलेली. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रबरी नळ्या. त्यानं मला खूण केली. अशी." तिनं हात आडवा करून गळ्यावरून फिरवला. "हवा संपली की हीच खूण करायची, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय."

"मास्तर कुठं होता?"

"शेजारीच. माझ्याकडेच बघत होते. त्यांना दिसला नाही."

"मग तू काय केलंस?"

"मागितली की द्यायची, काकी. तेच तर काम आहे ना माझं. दिली नळी. त्यानं घेतली. केवढा ओढत होता हो... थांबतच नव्हता." सून आपल्याच हाताकडे बघत होती. "आणि एकही बुडबुडा सुटत नव्हता."

काकीनं घरी आल्याबरोबर तो सेट दुकानात परत दिला. दुकानदारानं का, कशासाठी, काही विचारलं नाही. गुपचूप घेतला आणि मागच्या मागे नेऊन ठेवला. काकीशी एवढ्या सहज कुणी वागत नाही. तिला तेच खटकलं.

सुनेला जागा मिळाली. कामात वाघीण आहे. पथकातली माणसं तिला मानतात. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नाही. बाकीचे एक टाकी घेऊन उतरतात. ही दोन घेते. एक पाठीवर, एक कडेला. आणि वर येते तेव्हा दोन्ही रिकाम्या असतात.

काकी तिला याबद्दल विचारत नाही. जावेचा स्वभाव असा, जे कळलं तर झोप जाईल ते ती विचारतच नाही. माझा तसा नाही. परवा मी तिकडे गेले होते. सून कामावरून आली, केस पुसत अंगणात बसली. मी तिच्याजवळ सरकले.

"काय गं," म्हटलं, "तो एकटाच असतो का?"

टॉवेल केसांतच थांबला.

"मोठ्या काकी," ती हळूच म्हणाली, "पहिल्यांदा होता."