मोज्यातला कोठावळा

दस्तगीर शिकलगारांच्या उजव्या हातानं केशवबुवांचं बोट धरलं आणि भर दुकानात त्यावर कानस चालवली.

"अहो दस्तगीर! चाळीस वर्षांचा घट्टा आहे तो!"

"मी नाही बुवा, मोजा!" दस्तगीरांनी डाव्या हातानं उजवा ओढून घेतला.

बुवा सतारीची जवारी काढायला मिरजेला आले होते. तारांखालच्या घोडीचा माथा नेमका घासला की तार गोड बोलते, ती जवारी. हात कापू लागल्यापासून दस्तगीर कंपमोजा घालत. त्यात हात चालवणारे कसबांचे संच भरलेले असत. ते कारखान्याच्या कोठारातून आणून लावणाऱ्या प्रणालीला सगळे कोठावळा म्हणत. एका न्हाव्याच्या कोठावळ्यानं दाढीच्या संचासोबत म्हैस भादरायचाही आणला, ते गिऱ्हाईक अजून टोपी काढत नाही म्हणतात.

पुतणी रुखसारनं मोज्याच्या मांडणीचा पडदा उघडला. बाप आणि चाचा एकमेकांशी बोलत नसले तरी तिचं दोन्हीकडे चालायचं. "चाचा, कारखान्याची मूळ मांडणी तशीच ठेवलीत. 'सुचवलेलं सगळं सोबत घे.' कानशीबरोबर नखं घासायचा संच आला. जवारीही कोठारातली, नव्यात नवी."

"तरीच महिनाभर सगळ्या सतारी एका गळ्यानं बोलतायत!" दस्तगीर चरकले. उद्या बुवांची बैठक. तीही सतार तशीच बोलली, तर मिरजेपर्यंत कोण कशाला येईल? "बदल ते. सुचवलेलं नको. घरचं आधी, जुनं असलं तरी."

रुखसारनं दोन ओळी लिहिल्या. कोठावळा कोठार सोडून मोज्यातल्या घरच्या पेटीत शिरला. बारा वर्षांपूर्वी दोघा भावांनी आपापलं कसब तीत नोंदवलं होतं. पण घराण्याच्या रिवाजानं नाव एकच, शिकलगार. कुणाचा हात, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

कानस चालली. तिसऱ्यांदा घासताना दस्तगीरांनी ती ढब ओळखली. तिरपी रेघ, शेवटी हलकी उचल. ही नबीभाईची! अकरा वर्षं समोरच्या घरात राहणारा, न बोलणारा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं जाऊन त्याचा हात लुळा पडला होता.

थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

बुवांनी तार छेडली आणि डोळे मिटले. "दस्तगीर, आज हात लागला तुमचा!"

"चाचा, हीच मांडणी कायम करू?" रुखसारनं विचारलं.

दस्तगीरांनी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या ओट्यावर नबीभाई खुर्चीत पुढे झुकून ऐकत होता.

"ज्याचा हात, त्याला आधी विचारायला हवं," म्हणत ते चपला शोधू लागले. पण अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य कसं बोलायचं, त्याचा संच कुठल्या कोठारात मिळतो?