म्हैसासुराचे डोळे

भुताला मी घाबरत नाही असं नाही. पण भूत कामाच्या आड आलं, तर मी भांडते.

गेल्या चैत्रातली गोष्ट. शहरात गंगापूर रोडवरून कटरची नवी पाती घेऊन भरदुपारी मी मागच्या गल्लीतल्या माझ्या गाळ्यात आले. पेठजवळच्या आमच्या गावात त्याच रात्री बोहाडा होता. बोहाड्यात मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. म्हैसासुराचा जुना मुखवटा वाळवीने खाल्ला होता आणि नवा करायचं मी अंगावर घेतलं होतं. पूर्वी माझे वडील, आबा, करायचे. ते गेल्यानंतरचा हा पहिलाच. चुलतभाऊ सोमनाथ संध्याकाळी न्यायला येणार होता. झाला नाही तर तो बाजारातला प्लास्टिकचा राक्षस घालून नाचणार, आणि आबांची कला आबांबरोबरच संपणार.

राहिले होते फक्त डोळे. आमच्यात डोळे शेवटी उघडतात, मुखवटा मांडीवर पालथा घेऊन, आतून. पातं घसरलं तर सगळा चेहरा वाया. म्हणून इतके दिवस मी चालढकल करत होते. कधी शिंगं पुन्हा रंगव, कधी गाळा झाड, नाहीच तर चहा.

लाइट गेली. धुळीसाठी शटर खाली ओढलेलं होतं, त्यामुळे आत अंधारलं. कागद चिकटवायच्या खळीचा आणि वाळवी लागू नये म्हणून तिच्यात घातलेल्या मेथीच्या पुडीचा कडवट वास एकदम दाटला. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि पातं टेकवलं.

"उद्या कर, बाळ..."

आवाज मुखवट्याच्या पोकळीतून आला. आबांचा.

"तुला नाय जमायचं... आज राहू दे... उद्या..."

किती प्रेमाने बोलत होता! मी पातं खाली ठेवलंसुद्धा. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आबांनी मला उभ्या जन्मात बाळ म्हटलं नव्हतं. ते एकच ओरडायचे, "हात चालव, भवाने!"

"तू आबा नाहीस," मी म्हणाले. "आणि बिघडला तर माझा बिघडेल. तू कोण विचारणारा?"

पहिला डोळा कापला. भोकातून माझा पंजाबी ड्रेस दिसायला हवा होता. तिथून एक ओला डोळा माझ्याकडे बघत होता. माझ्या मांडीवरून... वर.

ओरडावंसं वाटलं. पण रागच जास्त आला.

"बघतोस ना? मग पुरं होईपर्यंत बघ!"

दात आवळून दुसरा डोळा कापला. कड जराशी वाकडी आली. येऊ दे. मुखवटा उचलला, तर मांडीवर काही नव्हतं. ड्रेस मात्र तिथे ओला झाला होता.

सोमनाथ मुखवटा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत द्यायला आला, तेव्हा मी पुढच्या मुखवट्याच्या साच्यावर कागद चढवत होते.

"ताई, लय भारी झाला होता. लोक तर मागंच सरले," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण नाचताना आत कोणीतरी सारखं म्हणत होतं... उद्या नाच... उद्या..."

"मग?"

"मग काय? लय नाचलो."

त्या आवाजाबद्दल मी त्याला चकार शब्द सांगितला नव्हता.

तो गेल्यावर मी ओला कागद साच्यावर दाबला. कागदाखालचा साचा कोमट होता, आणि हळूच वर-खाली होत होता.

मी पुढचा कागद उचलला.