सात मिनिटांचा घोळ

गच्चीवर पाय ठेवला आणि खुशबूचा पारा चढला. सूर्यावर स्फोट झाला की त्याच्या रेडिओ लहरी पकडायला तिनं महिनाभर खपून एक तार बांधली होती, आणि त्या तारेवर कुणीतरी ओली चादर वाळत घातली होती!

"कोणाची हाय ही चादर?"

"माझी..." टाकीमागून वरच्या क्वार्टरमधला सिद्धांत आला. तिच्या बाबांच्या प्लांटमध्ये नवाच लागलेला टेक्निशियन. "मले वाटलं, दोरी हाय."

"अँटेना हाय थो! डोळे हायेत का बटणं?"

तो हसला. गालाला खळी पडली, आणि खुशबूला त्या खळीचाच जास्त राग आला.

मग तो रोज तारेची विचारपूस करायला येऊ लागला, आणि ही रोज भांडू लागली. असे तीन महिने गेले.

कॉलेजचा प्रोजेक्ट उद्या द्यायचा, आणि आकडे काही केल्या जुळेनात. सूर्यावरच्या एका मोठ्या स्फोटाचा एक्स-रे उपग्रहानं टिपला होता अकरा वाजून चार मिनिटांनी, हिच्या तारेनं लॅपटॉपवर केलेली त्याच स्फोटाची नोंद अकरा वाजून अकरा मिनिटांची. खरं तर दोन्ही जवळजवळ एकदमच यायला हवेत. सर तर सरळ म्हणाले होते, तुझं यंत्रच खोटं. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात!

"तुमच्या चादरीनं वाटोळं केलं माझं!"

"चादर टाइम बदलवते काय? लॅपटॉपची घडी कशावरून लावली?"

"नेट नाही त्यात. घरच्या घड्याळावरून लावली."

सिद्धांत तिच्यासोबत खाली तिच्या घरी गेला, भिंतीवरच्या घड्याळाशेजारी मोबाइल धरला. "सात मिनिटं पुढं हाय."

खुशबूनं कपाळावर हात मारला. बाबा! फर्स्ट शिफ्ट चुकू नये म्हणून तिचे बाबा जानराव वीस वर्षं ते घड्याळ पुढंच ठेवत आले होते. आणि हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"आमच्या घरी तं दहा मिनिटं पुढं असते," तो म्हणाला.

"मंग आधी कावून नाही बोलले?"

"तू बोलू देते काय? अजून एक सांगायचं रायलं हाय... चादरीच्या दिवसापासून तू मले आवडते."

खुशबूचे कान लाल झाले. "तीन महिने! आन् आता सांगून राहिला?"

"आन् तुले... कधीपासून?"

"त्याच दिवसापासून!" ती खेकसली. "माझी नोंद उशिरा झाली, बस! आता उभा काय राहिला? बस इथं. आकडे वाच, मी सात-सात मिनिटं वजा करते."

तो बसला. घड्याळाला मात्र दोघांनीही हात लावला नाही, बाबांची शिफ्ट होती ना.