ताईचे भुंगेरे

भिंतीला भोकं पाडायची, खिळे ठोकायचे, चित्रं टांगायची आणि परत यायचं, एवढंच काम होतं. दाजी फोनवर म्हणाले, "श्याम, द्वारकेला जाऊन ये. पार्टी आपली मराठीच आहे. तू फक्त तोंड बंद ठेव."

तोंड बंद का ठेवायचं ते मला माहीत होतं. माझी बहीण सुहासिनीताई भुंगेरे काढायची. ट्यूबलाइटखाली मरून पडलेले गोळा करायची, भिंग लावून एकेक केस रंगवायची. मग कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की झालं चित्र दीडशे वर्षांचं. दाजी ऑफिस सुटल्यावर ती विकायचे. फ्रेमा मी करायचो. आई गेल्यावर ताईनंच मला दिल्लीला आणून वाढवलं. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा दाजी ओरडले, ती नाही. होळीच्या सुमारास ताप डोक्यात गेला आणि ती गेली. तेव्हापासून मी मुनिरक्याच्या खोलीत एकटा पडून असायचो. तिनं एकदा तरी स्वप्नात यावं, एवढंच मागत होतो. आली नाही.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या या हेमलता मॅडम स्वभावाने बऱ्या होत्या. "सांभाळून हं भाऊ, गोऱ्या साहेबांच्या काळातली आहेत. बघा ना, भुंगेरे कसे जिवंत वाटतात!"

"हो मॅडम."

ताईचा उरलेला माल असेल, असं मी समजत होतो. बाहेर आंधी सुटली. भरदुपारी आभाळ विटेसारखं लाल झालं, मग काळं. लाइट गेली. खिडकीच्या फटींतून धुळीचा वास आत आला. मोबाइलच्या उजेडात मी शेवटचं चित्र भिंतीवर धरलं आणि हात तिथंच थांबला.

हिरवा भुंगेरा. डावी मिशी अर्ध्यात तुटलेली. पुढच्या पायाला भाताचं शीत चिकटलेलं.

हा मी पाहिला होता. ताईच्या दहाव्याला, यमुनेच्या घाटावर. पिंडाला कावळा शिवत नव्हता. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी हात जोडून बोलत सुटलो. ताई, दारू सोडतो. ताई, लग्न करतो. ताई, पुन्हा शाळेत जातो... तेवढ्यात हा पिंडावर चढला. रागाच्या भरात मी त्याला बोटाने उडवलं. मिशी तुटली, आणि तो पायाला शीत घेऊनच उडाला. मग दाजी वाकून पिंडाशी काहीतरी पुटपुटले. लगेच कावळा आला. मी विचारलं तर म्हणाले, "तुला सांभाळीन म्हटलं." मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो होतो.

तुम्ही म्हणाल, दाजींनीच काढलं असेल. दाजींना साधी रेघ सरळ मारता येत नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम... अजून चित्रं आहेत म्हणाले का ते?"

"हवी तितकी देतो म्हणाले."

ड्रिल तिथेच टाकून मी निघालो. दाजींकडे, लक्ष्मीबाई नगरला पोचलो तेव्हा सगळ्या क्वार्टर्समध्ये अंधार होता, रस्त्यावर कडुनिंबाच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. दाजी स्वतःच्याच दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते.

"हळू बोल," ते म्हणाले. मी अजून काही बोललोच नव्हतो.

"घाटावर तिला काय सांगितलंत?"

"आधी बस यार. पाणी पी."

"काय सांगितलंत?"

"टेबल मांडून ठेवतो म्हटलं. कागद, शाई, पाण्याची वाटी... रोज." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू लग्न म्हणालास, शाळा म्हणालास. हलली ती? मी टेबल म्हणालो आणि कावळा शिवला. तिला तेच हवं होतं, श्याम. मी काय करू?"

"माझं नावसुद्धा घेतलं नाहीत?"

दाजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आतून आवाज येत होता. टाकाचं टोक कागदावर चालल्याचा. खर्र... खर्र... मधेच वाटीत कुंचला खळबळायचा. चहाचा आणि ओल्या कागदाचा वास येत होता. मी पडदा सरकवला. टेबलाशी कोणी दिसत नव्हतं.

"ताई... मी श्याम."

आवाज थांबला. मी श्वास रोखून उभा राहिलो. आता कपाळावर हात येईल, असं वाटलं.

खर्र... खर्र... पुन्हा सुरू झालं.

दाजींनी फसवलं, ते एक वेळ गिळलं असतं. पण ताईनं? मी आत घुसलो, टाक, कुंचले, शाई, वाटी, सगळं टॉवेलात गुंडाळलं. दाजी मागून ओरडले, "अरे वेड्या, ती तुझ्याकडे येईल!"

"येऊ दे ना!"

माझ्याकडे टेबल नाही, पत्र्याच्या ट्रंकेवर मांडतो. कोरा कागद, शाई, स्वच्छ पाणी. ती येते. अंधार पडला की आवाज सुरू होतो. मी पालथा पडून ऐकत राहतो, हाक मारत नाही. सकाळी वाटीतलं पाणी काळं झालेलं असतं, शाई उतरलेली असते. कागद कोराच. आधी वाटलं, मला एक भुंगेरासुद्धा द्यायचा नाही तिला. पण मग शाई जाते कुठे? भिंती पाहिल्या, चादर झटकली, ट्रंकेखाली पाहिलं.

काल नळावर आंघोळीला बसलो होतो. शेजारचा गुणवंत मागे रांगेत उभा होता. नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारत होता, तो मधेच थांबला. मी वळून पाहिलं, तर तो माझ्या पाठीकडे बघत होता. बादली तिथेच टाकून तो खोलीत गेला. तेव्हापासून मी सारखं त्याचं दार वाजवतोय, पाठीवर काय काढलंय ते तरी सांग म्हणून. तो आतून कडी लावून बसलाय, उघडत नाही.