पाठमोरं नाणं

बुडालेल्या कोळ्यांचं स्मारक उभं करायचं तर पैसा हवा. म्हणून एकोणीसशे छत्तीस साली सरकारनं मॅसॅच्युसेट्सच्या त्या लहानशा बंदरासाठी चांदीचा अर्धा डॉलर पाडला. तो एका डॉलरला विकायचा आणि वरचा पैसा स्मारकाला. पोर्तुगीज गल्लीत घरटी एक नाणं गेलं. ज्यांचं माणूस समुद्रानं नेलं होतं त्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलं.

नाण्यावर एक पाठमोरा कोळी होता, समुद्राकडे तोंड करून उभा. शिल्पकारापुढे त्यासाठी देओलिंडाचा झेफेरीनो उभा राहिला होता. नाणं पाडण्याआधीच तो बोटीसकट बुडाला. त्याचा एकही फोटो नव्हता. आईला उरली ती ही पाठ.

"मेल्या शिल्पकारानं तोंड तरी काढायचं!" ती शेजारच्या इदालिनाला म्हणायची. इदालिनाचा नवरा आमारो त्याच बोटीवर होता.

तो शेवटचा निघाला त्या सकाळी देओलिंडाला वाटलं होतं, एकदा हाक मारावी, पोराचं तोंड बघावं. पण धक्क्याकडे निघालेल्याला त्या गल्लीत कोणी मागून टोकत नसे. ती गप्प राहिली, आणि तेच तिला आता आतून खात होतं.

एका रविवारी चर्चहून आल्यावर तिनं नाण्यालाच हाक मारली. "झेफे, बघ ना रे इकडे."

दुसऱ्या दिवशी टोपीखाली कानाची पाळी दिसली. मग गालाचं हाड. नाण्याखाली टेबल ओलं होऊ लागलं. तिनं बोट लावून चाखलं, तर खारट.

इदालिना चिडली. "डोकं फिरलंय का तुझं? टोकू नये गं! गेलेल्याला तर मुळीच नाही!"

"तुझ्या आमारोचं तोंड आठवतंय तुला?"

इदालिनाचा हात खिशातल्या तिच्या नाण्याकडे गेला.

शुक्रवारी तो पुरता वळला.

हनुवटीवरचा व्रण त्याचाच. पण दोन वर्षं समुद्रात राहिलेलं तोंड होतं ते. डोळ्यांच्या जागी माशांनी काही ठेवलं नव्हतं.

देओलिंडाचं काळीज फाटलं. तरी तिनं नाणं ओठांना लावलं. "परत फीर, राजा. जा, नीज."

तो फिरला नाही.

इदालिनानं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि तडक घरी गेली.

तिला थांबवायला हवं होतं. पण पोराकडे पाठ करणं देओलिंडाला जमेना.

भिंतीपलीकडून दबका आवाज आला. "आमारो... इकडे बघ ना."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दिवेलागणीला गल्लीतल्या घराघरातून, जेवायला बोलवावं तसं, अगदी हळू, एकेक नाव ऐकू येत होतं.