पर्लकोटाच्या दोन काठांवर

ताडगावला बस थांबली ती थांबलीच. पुढे पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं होतं. करिश्मा खोब्रागडे उतरून चहाच्या टपरीत उभी राहिली. ती मूल गावची, भामरागडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला निघालेली. ऑगस्टचा पाऊस, ओली ओढणी, आणि नदीपलीकडचं अनोळखी गाव...

एक जीपवाला मोबाइल दाखवत आला. "पूल मोकळा झाला. हा पाहा फोटो. बसा पटकन."

तिने बॅग उचलली, तोच शेजारून आवाज आला, "फोटो कवाचा होय, भाऊ?"

"आत्ताचाच. ग्रुपवर आला."

"आत्ता तर सकाळपासून पाऊस पडून राह्यला. अन् फोटोत ऊन?"

बोलणारा सावळा, शांत डोळ्यांचा तरुण होता. त्याने बहिणीला फोन लावला, माडिया बोलीत दोन वाक्यं बोलला. थोड्या वेळाने तिने, सुकरीने, नदीकाठावरून ताजा फोटो पाठवला. पूल दिसतच नव्हता. जीपवाल्याने इंजिन बंद केलं.

"पोलीस आहात का तुम्ही?" करिश्माने विचारलं.

"नाई. नदीच्या अलीकडं, हेमलकशात मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय. चैतू पुंगाटी." तो जरा थांबला. "अन् 'रस्ता-पाणी' नावाचा ग्रुप चालवतो. कोणी पाहलं, कुठी, कवा – एवढं असलं तरच टाकतो."

"मंग मलेबी जोडा."

"नंबर द्या ना, सिस्टर."

"सिस्टर दवाखान्यात. नाव करिश्मा."

त्याने नंबर घेताना मान वर केली नाही. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

पाणी उतरलं, ती भामरागडला पोचली. मग ग्रुपवर हेमलकशाच्या काठावरून तो लिहू लागला, भामरागडच्या काठावरून ती. जेवणाच्या सुट्टीत ती नदीवर जाई, फोटो काढी. हळूहळू ग्रुपबाहेरही मेसेज येऊ लागले.

"फोटोत निळी छत्री हाय. तुमची?"

"पाण्याकडं पाहा."

"पाहूनच राह्यलो..."

सप्टेंबरात नदी पुन्हा फुगली. पूल बुडाला, नेटवर्क येऊन-जाऊन राहिलं. त्यातच एक ऑडिओ क्लिप फिरली. नदीत लाकडी डोंगा उलटला, मोबाइलवाला चैतू वाहून गेला. आवाज कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सिस्टर, ग्रुपवर टाका ना," दवाखान्यात आलेल्या बाया म्हणाल्या.

करिश्माने चैतूला फोन लावला. बंद.

"पाहलं कोणी?" तिने विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं.

"मंग नाई टाकत."

ड्यूटी दुसरीवर सोपवून ती पावसात तहसीलकडे निघाली. तिथे वायरलेसवर देवराव बसत.

"देवरावभाऊ, पलीकडच्या चौकीले विचारा ना... चैतू पुंगाटीबद्दल." देवरावांनी लगेच बटण दाबलं.

खरखरीतून उत्तर आलं. डोंग्याचा दोर तुटला होता. डोंगा रिकामाच वाहून गेला. चैतू म्हाताऱ्या माणसांना शाळेत हलवत होता, फोन पाण्यात पडला होता.

"त्यायनं स्वतः पाहलं का, विचारा," ती म्हणाली.

"चैतू समोरच उभा हाय," उत्तर आलं. "देऊ का?"

देवरावांनी माइक तिच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"कोण?" चैतूचा आवाज.

"मी... करिश्मा."

"बोला ना."

"काई नाई. आवाज ऐकाचा होता."

तिने माइक देवरावांना परत दिला.

तिने ग्रुपवर लिहिलं – चैतू पुंगाटी सुखरूप. डोंगा रिकामा होता. वायरलेसवर मी आत्ता बोलले. करिश्मा.

पूर ओसरला. पुलावर गाळ आणि फांद्या उरल्या. ती काठावर गेली तेव्हा तो पलीकडून चालत येत होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

"माय इथीच होती, मावशीकडं," तो म्हणाला. "त्या ऑडिओच्या आधी तिले तुमचा मेसेज पोचला. नाई तर..."

"बरं झालं."

"अन् तुम्हाले काय वाटलं तवा?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "मले घुमवून-फिरवून बोलता नाई येत, चैतू. मले तुम्ही पायजे."

तो हळू म्हणाला, "आमचं घर जंगलातलं हाय. देव वेगळे, बोली वेगळी. तुमच्या घरी चालन?"

"काल फोनवर सांगतलं बाबाले."

"काय म्हणाले?"

"तुमचं नाव दोनदा विचारलं. मंग म्हणाले, पोरगा तर दाखव."

चैतूने आपल्या कपड्यांकडे पाहिलं. "असाच येऊ मूलले?"

"धुऊन या."

तो हसला, आणि त्याने हात पुढे केला. "चल. इथी निसरडं हाय."

तिथे तेवढं निसरडं नव्हतं. तिने हात दिला.