रंग कलतो तिकडे

सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सोनेरी दिसत नाहीत, कोकम सरबतासारखे लाल दिसतात. गंगापूर रोडवरच्या एका फार्मसी कॉलेजात मी असे कण बनवते. त्यांना औषध चिकटवायचं, वर गाठ शोधणाऱ्या रेणूंचा थर द्यायचा, म्हणजे रक्तातून फिरत ते कॅन्सरच्या गाठीपाशी थांबावेत. उंदरांच्या अंगात मात्र निम्म्याहून जास्त कण यकृतातच मुक्काम ठोकतात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी टेबलावरच्या सीलबंद कुपीत लाल रंग एकाच बाजूला गोळा झालेला दिसला. दुसरीकडे स्वच्छ पाणी. कुपी फिरवली, तरी रंग परत दाराच्या बाजूला. दारात चिमणाबाई फरशी पुसत होत्या. त्या खिडकीकडे सरकल्या, तसा रंगही काचेच्या कडेने खिडकीकडे सरकला.

ऊन, चुंबक, टेबलाचा उतार, सगळं तपासून झालं. शेवटी त्यांनाच म्हटलं, "चिमणाबाई, या टेबलाभोवती एक फेरी मारता का?"

"टेबल काय वड हाय का मॅडम, फेऱ्या मारायला?" हसत हसत त्यांनी मारली. रंगानेही मारली.

मला हसू आलं नाही. मी हट्टाने त्यांना तपासायला नेलं. डाव्या बरगडीखाली लिंबाएवढी गाठ निघाली, आणि ती कॅन्सरचीच होती. ऑपरेशनला उशीर केला तर काही खरं नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. रडले मी, आणि पाणी आणून दिलं चिमणाबाईंनी.

तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. एक दिवस त्या सप्तशृंगी गडावर जाऊन आल्या. बाकीचे दिवस, "घरी बसून करू काय?" म्हणत लॅब पुसत राहिल्या. मी रोज कुपी बघायची. रंग फिका होत चालला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुपीत नुसतं पाणी उरलं. सील शाबूत, पाणी थेंबभरही कमी नाही. दुपारच्या स्कॅनमध्ये गाठ सापडेना. तिच्या जागी बारीक चमकते ठिपके तेवढे होते. डॉक्टरांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा पाहिलं, आणि ऑपरेशन रद्द केलं.

आनंद झाला, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून जास्त होतं. आठवड्याने त्या कामावर आल्या तेव्हा विचारलंच, "आत काही जाणवतं का हो?"

"ओढतंय," त्या म्हणाल्या. "नेहमी नाय. काल एसटीत शेजारी एक बाई बसली, तिच्याकडं लय ओढलं. म्हटलं, बाई, दवाखान्यात दाखवून ये. ती रागावलीच माझ्यावर."

"आणि आत्ता?"



त्या टेबलापलीकडे उभ्या होत्या, माझ्यासमोर.

बसने करकचून ब्रेक मारल्यावर दांडी धरावी, तशी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.